गुणाजीचा तिसरा हात

गुणाजी मांडवकरचा खालचा ओठ मधोमध फाटून चार महिने झाले होते. त्याने कुणाकडे तक्रार केली नव्हती. ओठ फाटतात, पुन्हा सांधतात, त्यात सांगण्यासारखं काय, असं त्याचं म्हणणं. पण जानेवारीतल्या त्या सोमवारी मुलगा बंटी भर दुपारी दुकान सोडून घरी आला, दारातच म्हणाला, "पप्पा, देवरामशेठची खुर्ची आलीय. तुम्हालाच यावं लागेल," आणि गुणाजीचा हात आधी ओठाकडे गेला.

गुणाजी सोफे-खुर्च्यांचा कारागीर. डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडच्या आत गल्लीत त्याचं दुकान. एक्केचाळीस वर्षं त्याने तिथे खाली पाटावर बसून काम केलं. मे महिन्यात बंटीने हवेच्या दाबावर पिना मारणारी गन आणली. तिचा कॉम्प्रेसर ठेवायला जागा हवी होती, आणि दुकानात जागा एकच होती, गुणाजीच्या पाटाची. बंटी वाईट बोलला नाही. "आता आराम करा," एवढंच म्हणाला. गुणाजीने हातोडी पिशवीत घातली आणि तो घरी आला.

आराम त्याला जमला नाही. आधी त्याने घरातल्या चार खुर्च्या उसवून पुन्हा भरल्या. मग शेजाऱ्यांच्या. मग जिन्यात टाकलेलं एक गादीचं बाकडं. गणपतीपर्यंत बिल्डिंगमधलं उसवण्यासारखं सगळं संपलं. त्यानंतर तो नुसता फिरायचा. गॅलरीत जायचा, आत यायचा, फ्रिज उघडून बंद करायचा. बायको विमलाबाई म्हणायची, "अहो, एका जागी टेका की. मला गरगरायला लागतंय."

त्याच सुमाराला ओठ फाटायला लागले.

दुकानात देवराम पाटील गुणाजीच्या जुन्या जागेशेजारी स्टुलावर बसले होते. वय चौऱ्याऐंशी. इथल्याच गावातले जुने आगरी. त्यांच्या घराच्या जागी आता सतरा मजली टॉवर उभा राहणार होता. तोवर ते घोडबंदर रोडला मुलीकडे, रचनाकडे राहणार होते. रविवारी सकाळी टेम्पो सामान घेऊन निघणार होता.

"काय रं गुना, कवरा वाळलास!" ते म्हणाले. "आन् तोंडाला काय लावलंस, कुंकू?"

"ओठ फाटलाय."

"त्या पोरीच्या घरात सगले मऊ मऊ सोफे. बसला का मानूस आत जातो, उठाला दोघं लागतात. मना माझीच खुर्ची पायजे. रविवारपरयंत होल का नाय ते सांग."

खुर्ची गुणाजीनेच सदतीस वर्षांपूर्वी भरलेली. जुना साग, रुंद हात, उंच पाठ. खालचे तागाचे पट्टे कुजून लोंबत होते. बंटीने सकाळी गन मारून पाहिली होती. सदतीस वर्षं वाळलेल्या सागात पिना अर्ध्यावरच वाकल्या होत्या. त्या वाकड्या पिनांवरून गुणाजीने अंगठा फिरवला.

"याला चुकाच पाहिजेत," तो म्हणाला. चुका म्हणजे बोटाच्या पेराएवढे, चपट्या डोक्याचे खिळे.

"म्हणूनच बोलावलं ना तुम्हाला," बंटी म्हणाला. "नाहीतर प्लायचा तुकडा टाकतो वर, त्याला गन मारतो. अर्ध्या तासाचं काम."

"प्लायवर बसायचं तर खुर्ची कशाला? जमिनीवर बसावं."

"मग जमेल तुम्हाला? रविवारपर्यंत?"

बंटीने हे सरळच विचारलं होतं. गुणाजीला मात्र त्यातला दुसरा प्रश्न ऐकू आला. आठ महिन्यांनी काम आलं होतं. हे झालं नाही, तर पुढचं येणार नव्हतं.

"रविवारी सकाळी घेऊन जा," तो देवरामशेठना म्हणाला.

हे काम कसं होतं ते सांगायला हवं, नाहीतर ओठाचा एवढा बाऊ कशाला, असं वाटेल. पट्टा ताणून धरायला डावा हात पूर्ण लागतो. तो जरा सैल पडला की बैठक वर्षभरात झोळी होते. उजव्या हातात हातोडी. मग चूक धरायची कुणी? तोंडाने. वीस-पंचवीस चुका गालात घ्यायच्या. जिभेने एकेक फिरवून, डोकं बाहेर येईल अशी ओठांत आणायची. हातोडीचं एक तोंड लोहचुंबकाचं असतं. ते ओठांना टेकवलं की चूक त्याला चिकटते. पहिल्या ठोक्याला ती लाकडात उभी राहते, हातोडी फिरवून दुसऱ्या ठोक्याला आत जाते. तोंड म्हणजे तिसरा हात. एक्केचाळीस वर्षांत गुणाजीने चूक दोनदा गिळली. दोन्ही वेळा अर्धा डझन केळी खाऊन दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

मंगळवारी सकाळी त्याने चुकांची पहिली मूठ तोंडात टाकली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठाच्या चिरेत लोखंड चरचरलं. त्याने पहिली चूक पुढे आणली, हातोडी टेकवली. चूक निघाली ती खपली घेऊनच. दुसरी रक्ताने ओठालाच चिकटून बसली. अकरा वाजेपर्यंत त्याचे दोन पट्टे झाले. एरवी तेवढ्यात सगळी बैठक बांधून तो चहा पिऊन आला असता.

मग त्याने चुका डब्यात ठेवून डाव्या हाताने उचलून पाहिल्या. तिसरा पट्टा लागला. त्याने त्यावर मूठ दाबली, पट्टा बोटभर खाली गेला. कुणी पाहिलं नव्हतं. वर काथ्या आणि कापड आलं असतं, की पुढेही कुणी पाहिलं नसतं. त्याने पकड घेऊन सगळ्या चुका उपटल्या आणि पट्टा काढून टाकला.

संध्याकाळपासून औषधं सुरू झाली.

विमलाबाईंनी साजूक तूप लावलं. सून ऋतिका म्हणाली, "पप्पा, तुपाने काही नाही होत हो, हे घ्या," आणि आपली ओठांना लावायची गुलाबी कांडी दिली. तिला स्ट्रॉबेरीचा वास होता. सहा वर्षांची नात सान्वी हसून लोळली. "आबांनी लिपस्टिक लावली! आबांनी लिपस्टिक लावली!" गुणाजी आरशासमोर उभा राहिला, लावली, आणि गॅलरीत गेला. परत येईतो ओठ कोरडे.

बुधवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या हौसाबाईंनी जिन्यातच अडवलं. "बेंबीत मोहरीचं तेल घाला. तीन रात्री. आमच्या ह्यांचे टाचांसकट बरे झाले."

"टाचा नाहीत फाटल्या माझ्या."

"फाटतील. बेंबीत घाला."

त्याने बेंबीत तेल घातलं. शर्टाला डाग पडला. दुकानात जाताना मेडिकलमधून पांढरं मलम घेतलं, दुपारी दुसऱ्या मेडिकलमधून पिवळं. बंटीच्या टेबलावरचा मध लावला. मधाने जरा बरं वाटलं, म्हणून पुन्हा लावला. दारापाशी टाकलेल्या पाटावर पाच मिनिटं बसायचा, उठायचा, गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा, रिक्षाच्या आरशात ओठ बघायचा, परत यायचा. रिक्षावाला म्हणाला, "काका, सेल्फी काढून देऊ का?"

बुधवारी दुपारपर्यंत पट्टे सगळे लागले, पण तोंडाला रुमाल दाबत लागले. स्प्रिंगा बांधून त्यांवर तरट ओढलं. संध्याकाळी काथ्यावर घालायचं पांढरं मांजरपाट त्याने अंथरलं, तोंडात चुका घेतल्या, वाकला, आणि मांजरपाटावर मधोमध रक्ताचा थेंब पडला. बघता बघता बांगडीएवढा पसरला.

बंटी गन बंद करून जवळ आला.

"पप्पा, राहू द्या आता," तो म्हणाला. "दोन दिवस बघा. नाही जमलं तर शनिवारी सकाळी मी प्लाय मारतो. देवरामशेठना काय कळतंय?"

"त्यांना नाही कळणार."

"मग?"

"मला कळेल ना."

"तुम्हाला कळून काय करायचंय? बसणार ते आहेत."

गुणाजीने डाग पडलेला तुकडा कापून काढला, नवा अंथरून ठेवला आणि दिवा बंद न करताच निघून गेला.

गुरुवारी सकाळी तो डॉक्टरकडे गेला. तरुण डॉक्टर होता, बॅटरीने तोंडात बघितलं.

"तंबाखू?"

"नाही."

"पान, सुपारी, मिश्री?"

"नाही. चुका."

"म्हणजे?"

"खिळे. तोंडात धरतो."

डॉक्टरने बॅटरी बाजूला ठेवली. "किती?"

"काम असलं की दिवसाला हजार-बाराशे."

"काका, मग ओठ फाटणार नाहीत तर काय होणार? खिळे बंद करा. बाकी काही नाही, गाठबीठ नाही, घाबरू नका."

गुणाजी जिना उतरताना स्वतःशी बडबडत होता. खिळे बंद करा! एक्केचाळीस वर्षं खिळे होते तेव्हा ओठाला ओरखडा नव्हता. खिळे बंद झाल्यावर फाटले. शिकलेल्या माणसाला एवढा साधा हिशेब कळू नये. घरी येऊन त्याने तो सगळा राग विमलाबाईंवर काढला. त्या तूरडाळ निवडत बसल्या होत्या. ताट मांडीवर, शेजारी रिकामी वाटी.

"झालं बोलून?" त्या म्हणाल्या. "बसा मग."

तो बसला. उठला. पंखा लावला, बंद केला. पुन्हा बसला. टीव्ही लावला, आवाज कमी केला. बंटी प्लाय कुठून आणणार, केवढा कापणार, त्याला भोकं कुठे पाडणार, हे सगळं त्याच्या डोक्यात चाललं होतं. मध्येच वाटीत टिक् असा आवाज येत होता. टिक्. थोड्या वेळाने पुन्हा टिक्. बऱ्याच वेळाने त्याचं तिकडे लक्ष गेलं.

"काय चाललंय? खडे एवढे आहेत डाळीत?"

"खडे नाहीत." त्यांनी वाटी पुढे केली. तळ झाकला जाईल एवढी डाळ होती. "तुमची जीभ बाहेर आली की एक दाणा टाकत होते. तुम्ही आल्यापासून. अजून अकरा नाही वाजले."

"कसली जीभ?"

"ओठ चाटता तुम्ही. गणपतीपासून बघतेय, वाटलं दुखतं म्हणून चाटतात. आज बघितलं, सारखीच बाहेर. आत्तासुद्धा."

गुणाजीने जीभ आत घेतली. ती पुन्हा पुढे आली. दातांमागून ओठापर्यंत, डावीकडून उजवीकडे, मग थांबून उलट. त्याला ते आत्ता पहिल्यांदा जाणवलं, आणि काय चाललंय तेही ओळखता आलं. जीभ चूक फिरवत होती. नसलेली चूक फिरवून, डोकं बाहेर करून ओठांत आणून देत होती, आणि घ्यायला कुणी नव्हतं.

विमलाबाईंनी वाटीतली डाळ परत ताटात ओतली.

"तूप चाटलंत, मध चाटलात, ऋतिकाची ती कांडीसुद्धा चाटून संपवलीत. ओठाला काही लागायला आधी तिथे राहायला तर पाहिजे."

"मग काय करू? जीभ बांधून ठेवू?"

"ते मला काय माहीत. काम तुमचं, तोंड तुमचं."

पण त्या उठल्या. फडताळातून एक पितळी डबी आणली. आत पांढरट, कडक, मुठीच्या आकाराचा गोळा होता. वळताना उमटलेली बोटं अजून त्याच्यावर दिसत होती. कोकमाच्या बियांचं तेल. त्यांच्या माहेराहून, राजापूरकडून भावजय दर वर्षी पाठवायची. टाचांना, ओठांना, तान्ह्या पोरांच्या टाळूला, सगळ्याला तेच.

"हे लावून झालंय ना परवा?"

"लावलंत. आणि खाल्लंत."

गुणाजीने गोळा हातात घेतला. त्याला चव नव्हती, वास नव्हता. मग तो उठून स्वयंपाकघरात गेला. पिशवीतल्या मूठभर चुका त्याने पातेल्यात टाकल्या, पाणी घातलं आणि गॅस पेटवला.

"अहो, ते दुधाचं पातेलं आहे!"

"धुऊन देतो."

चुका दहा मिनिटं खळखळ उकळू दिल्या. निथळल्या, फडक्यावर पसरून कोरड्या केल्या, दुसऱ्या एका डबीत भरल्या. तेलाचा गोळा दिव्याच्या ज्योतीला नुसता दाखवला, पाघळलेला भाग ओठांवर जाड लिंपला, मेण लावावं तसा. मग काही चुका गालात टाकल्या, दोन्ही डब्या पिशवीत घातल्या, ओठ घट्ट मिटले आणि तो दुकानाकडे चालायला लागला.

पहिला तास वाईट गेला. लोखंड चिरेवर घासायचं तेव्हा मानेपर्यंत कळ यायची. पण आता त्याचं एकाच गोष्टीवर लक्ष होतं, ओठ उघडायचे नाहीत. श्वास नाकाने. चूक सगळी बाहेर काढायची नाही, डोकं तेवढं. हातोडी दाबायची नाही, टेकवायची, आणि चीर मधोमध होती म्हणून चूक डाव्या कोपऱ्यातून द्यायची. एक्केचाळीस वर्षं मधून दिलेली चूक कोपऱ्यातून देणं म्हणजे उजव्या माणसाने डाव्या हाताने जेवण्यासारखं. पहिल्या वीसांतल्या सात खाली पडल्या. दुसऱ्या वीसांतल्या दोन. त्यानंतर पडल्या नाहीत.

दर तासाला तो चुका काढायचा, पाणी प्यायचा, ओठ फडक्याने टिपायचा, तेल लिंपायचा, आणि जीभ बाहेर यायच्या आत चुका पुन्हा भरायचा. चहाला उठला नाही. बंटीने दोनदा हाक मारली. गुणाजीने मानेने नाही म्हटलं.

"ओठ बरा झाला काय?"

मान हलली. नाही.

"मग दुखत नाही?"

मान हलली. दुखतो.

"कमाल आहे तुमची," बंटी म्हणाला आणि गन उचलली. पण तासाभराने पुन्हा येऊन उभा राहिला. मांजरपाट बसलं होतं. पांढरंशुभ्र.

शुक्रवारी सकाळी गुणाजी उठला तेव्हा ओठावर खपली होती आणि ती ओली नव्हती. रात्री तो तीन चुका ओठांत धरून टीव्हीसमोर बसला होता. झोपायच्या आधी विमलाबाईंनी हात पुढे करून त्या काढून घेतल्या, पोराच्या तोंडातली गोळी काढावी तशा. सान्वीने विचारलं होतं, "आबांना का ओरडत नाही कोणी? मी पेन्सिल धरली तर ओरडतात."

शुक्रवारभर पाठ भरणं चाललं. काथ्या हाताने पिंजून, चिमटीचिमटीने, वर बारीक कापूस. शनिवारी कापड. देवरामशेठनी तपकिरी निवडलं होतं, मळखाऊ. कापड बसवताना चुका आधी अर्ध्याच मारायच्या असतात, चारही बाजू ताणून पाहायच्या, मग एकेक काढून पुन्हा पक्क्या करायच्या. बंटी म्हणाला, "अर्ध्या कशाला? एकदाच मारा ना, वेळ वाचेल." गुणाजीने तोंडातल्या चुका तळहातावर काढल्या, कारण हे बोलून सांगायला हवं होतं.

"कापड पहिल्यांदा खोटं बोलतं. ताणलंय असं दाखवतं. दुसऱ्यांदा विचारलं की खरं सांगतं."

चुका परत तोंडात गेल्या.

शनिवारी सहा वाजता शेवटची चूक लागली. बंटीने खुर्ची उलटी केली, खालच्या चुकांच्या ओळीवरून अंगठा फिरवला. एक टोक ते दुसरं टोक. मग परत.

"हे अंतर तुम्ही मोजता कशाने?"

"मोजत नाही."

"सगळं सारखं आहे."

"दोन चुकांमध्ये जीभ एकदा फिरते," गुणाजी म्हणाला. "तेवढंच अंतर."

रविवारी साडेआठला टेम्पो गल्लीत आला. देवरामशेठ पुढे, ड्रायव्हरशेजारी बसून आले होते. ते उतरले, खुर्ची दुकानाबाहेर रस्त्याच्या कडेला ठेवली होती तिच्यात बसले. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. मागे टेकले. पुढे झाले. पुन्हा टेकले. टेम्पोवाल्याने दोन मिनिटं वाट पाहिली.

"आजोबा, चढवू का? घोडबंदरला ट्रॅफिक लागेल."

"लागू दे," देवरामशेठ म्हणाले. "बसलंय ना मी."

ते पंधरा मिनिटं तसेच बसले. स्कूटरवाले वळसा घालून जात होते. मग आपणच उठले, कुणाचा हात न घेता, आणि गुणाजीच्या तोंडाकडे निरखून बघितलं.

"कुंकू पुसलास, बरा केलास."

सोमवारी गुणाजीला काम नव्हतं. बंटी नऊला दुकानात गेला, सान्वी शाळेत. गुणाजीने पेपर वाचला, घडी केली, उलगडून पुन्हा वाचला. गॅलरीत गेला. आत आला. फ्रिजचं दार उघडलं. विमलाबाई मंडईला निघाल्या होत्या. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली, त्याच्या तोंडाकडे बघितलं, स्वयंपाकघरात गेल्या आणि एक वाटी आणून त्याच्यासमोर ठेवली. वाटीत तीन चुका होत्या. उकळलेल्या, कोरड्या.

"घ्या. आणि माझं दुधाचं पातेलं अजून धुतलेलं नाही."

त्या गेल्या. गुणाजीने चुका तोंडात टाकल्या. पातेलं घासलं, पालथं घातलं. मग खुंटीवरची पिशवी काढली, हातोडी आत आहे ना ते चाचपून पाहिलं आणि दाराला कुलूप लावलं.

दुकानात बंटी एका सोफ्याच्या पाठीला पिना मारत होता. बाप दारात उभा दिसला तशी त्याने गन खाली केली.

"काय झालं? ओठ परत फाटला?"

गुणाजीने मान हलवली, नाही. तो कोपऱ्यात गेला, कॉम्प्रेसरकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, पाट पुन्हा कॉम्प्रेसरच्या मागे उभा करून ठेवला होता तो ओढून काढला. तोंडात चुका ठेवून बोलायची त्याला चाळीस वर्षांची सवय होती. ओठ न हलवता, एका कोपऱ्यातून.

"हे धूड दोन फूट सरकव."

"पप्पा, चुकांचं काम नाहीये एकपण. खरंच."

"माहीत आहे. सरकव."

बंटीने गनची नळी काढून गुंडाळली, तो वाकला आणि कॉम्प्रेसरला खांदा लावला.

"नीट," गुणाजी म्हणाला. "गुडघ्यातून जोर लाव, कमरेतून नको."